सिव्हिल झालोय, व्हॅल्युअर व्हायचंय : खान्देशात राहून सुरुवात कशी करू?

पांढरीची_माती

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातला. जळगावातून बीई सिव्हिल केलं, त्याला यंदा तीन वर्षं झाली. तेव्हापासून एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर आहे. सेंटरिंग, स्टीलचा हिशेब, मजुरांची हजेरी, सगळं अंगवळणी पडलंय.

मागच्या उन्हाळ्यात काकांच्या घरावर कर्ज काढायचं होतं, तेव्हा बँकेकडून एक व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेची किंमत काढून देणारे, आले होते. साठीकडे झुकलेले. टेपचं दुसरं टोक धरायला मलाच सांगितलं. दोन तास घर मोजलं. भिंतीवर टिचकी मारून प्लॅस्टर पोकळ वाजतंय का ते ऐकलं, गच्चीवर जाऊन टाकीखालच्या स्लॅबला हात लावून ओल पाहिली. आत सावलीत बसून चहा घेण्याऐवजी मग गल्लीतल्या दोन घरी जाऊन "अलीकडे इकडे कोणी विकलं का, काय भावानं गेलं" हे विचारलं. मला ते काम फार आवडलं. तेव्हापासून हेच करायचं मनात बसलंय.

पण माहिती मिळेना. कोणी म्हणतं आयकर खात्याचं लायसन काढ, कोणी म्हणतं परीक्षा आहे, कोणी म्हणतं बँकेत ओळख असेल तरच. घरी अडीच एकर आहे, आई-वडील एकटे आहेत, पुण्या-मुंबईला जायचं नाही. जळगाव-धुळ्यात राहून हे होईल का? खरं काय ते सांगा.

तापीकाठ

भाऊ, मी १९ वर्षं हेच काम करतोय, जळगावात. तू तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत, आणि ही गल्लत जवळजवळ प्रत्येक नवीन मुलाची होते. आधी ती सोडवू.

आयकर खात्याची नोंदणी ही जुनी. संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४ एबी खालची. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, पण व्हॅल्युअरच्या नोंदणीची तरतूद त्यानंतरही चालू राहिली, कारण भांडवली नफ्यासाठी, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावरच्या करासाठी, लोकांना अहवाल लागतातच. तिला सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंगची पदवी आणि नंतर साधारण १० वर्षांची प्रॅक्टिस लागते. म्हणजे ती तुझ्यासाठी आज नाही.

दुसरी कंपनी कायद्याची. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम २४७ आणि त्याखालचे २०१७ चे नियम. हे काम आयबीबीआय पाहतं, म्हणजे नादारी आणि दिवाळखोरी मंडळ. यात मालमत्तेचे तीन वर्ग आहेत : जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि शेअर-रोखे वगैरे आर्थिक मालमत्ता. तुझा पहिला. बीई असशील तर पदवीनंतर ५ वर्षांचा अनुभव, एमई असशील तर ३ वर्षांचा. साइटवरचं काम अनुभवात धरलं जातं, पण पदवीनंतरचंच. अनुभवाची पत्रं आत्तापासून जमव. ठेकेदार बदलला की मागच्याकडून पत्र काढणं किती अवघड जातं ते तुला कळेलच.

तिसरी गोष्ट म्हणजे बँकेचं पॅनल, बँक ज्यांच्याकडून अहवाल घेते त्यांची यादी. हे कोणाच्या नोंदणीनं आपोआप मिळत नाही. प्रत्येक बँक आपापलं ठेवते, आपापले निकष लावते. बऱ्याच बँका आता आयबीबीआयची नोंदणी मागतात, काही अजून आयकरवाली मागतात, मोठ्या रकमेला दोन्ही.

आता तुझ्या कामाचं. तुझी ३ वर्षं झाली, २ बाकी आहेत. मी तुझ्या जागी असतो तर आयबीबीआयच्या नोंदणीसाठी लागणाऱ्या परीक्षेचा विचार बाजूला ठेवून ही दोन वर्षं कुणातरी चांगल्या व्हॅल्युअरच्या हाताखाली टेप धरली असती. परीक्षा अभ्यासानं निघते. मोजणं आणि भाव काढणं दुसऱ्याला बघितल्याशिवाय येत नाही. माझ्याकडे परीक्षा पास झालेली मुलं येतात, सातबारा हातात दिला की इतर हक्कांचा रकाना वाचत नाहीत. त्याच रकान्यात बोजा असतो, कुळाची नोंद असते, कधी पाटबंधाऱ्याच्या संपादनाची नोंद असते.

शहादेकर_२१

तापीकाठ दादा, मी डिप्लोमावाला आहे. सिव्हिल डिप्लोमा, ११ वर्षं कामं केली, नकाशे पास करून आणतो, सगळं येतं. मला परीक्षा देता येईल का?

तापीकाठ

नुसत्या डिप्लोमावर नाही, भाऊ. उगाच आशा लावणार नाही. नियमात पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. ज्यांनी ३१ मे २०१३ पर्यंत एएमआयईला, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या परीक्षेला, नाव नोंदवलं होतं त्यांची ती पदवीच्या बरोबरीनं धरतात. नंतरच्यांसाठी तो रस्ता बंद झाला. तुझ्यापुढे डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश घेऊन तीन वर्षांत बीई हाच सरळ मार्ग. ११ वर्षं केलेल्या माणसाला पुन्हा बाकावर बसणं जड जातं, पण पदवीनंतर पुन्हा ५ वर्षं मोजावी लागतात हेही ध्यानात घेऊन ठरव. तोवर बँकेच्या व्हॅल्युअरकडे साइट इन्स्पेक्शनचं काम करता येतं. सही त्याची असते, मोजमाप तुझं. शहाद्याकडे असं काम आहे, कारण जळगाव-नाशिकच्या माणसाला तिकडे यायला पूर्ण दिवस जातो.

भुसावळची_आर्किटेक्ट

मी ही परीक्षा देऊन नोंदणी केली आहे, म्हणून तो भाग सांगते.

आधी एखाद्या मान्यताप्राप्त व्हॅल्युअर संस्थेत, म्हणजे आरव्हीओत, नाव घालायचं. ती संस्था ५० तासांचा अभ्यासक्रम घेते. मी तो ऑनलाइन केला, मुलगा दीड वर्षाचा होता, सासूबाई त्याला मागच्या खोलीत खेळवायच्या आणि मी कानात हेडफोन घालून बसायचे. त्यानंतर संगणकावरची परीक्षा. २ तास, १०० गुण, पास व्हायला ६०. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांतले २५ टक्के वजा होतात. पास झाल्यावर आरव्हीओचं सदस्यत्व, तिची शिफारस आणि आयबीबीआयकडे फॉर्म ए. त्याची फी व्यक्तीसाठी ५,००० रुपये. पास झाल्यापासून ३ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर परीक्षा पुन्हा.

मला वाटलं होतं, इमारतींची माहिती आहे म्हणजे निम्मा पेपर झाला. तसं नाही. मी पहिल्या वेळी ५४ वर अडकले, आणि अडकले ती कायद्यात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, करार कायदा, वहिवाटीचे हक्क, वारसा, भाडे नियंत्रण, २०१३ चा भूसंपादन कायदा, रेरा (घरबांधणी प्रकल्पांचा कायदा), सरफेसी (बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा), दिवाळखोरी संहिता, त्यावर अर्थशास्त्र आणि हिशेबशास्त्र. पेपर इंग्रजीत असतो. मी मराठी माध्यमातली, "लीजहोल्ड" आणि "लायसन्स" यातला फरक मला तेव्हा धड सांगता आला नसता. मग मी एक केलं : प्रत्येक कायद्याची एक वही, त्यात कलम मराठीत माझ्या शब्दांत आणि शेजारी आपल्याकडचं उदाहरण. वहिवाटीच्या हक्कासाठी मी आमच्या माहेरच्या वाड्यातलं मागचं बोळ लिहिलं. त्या बोळातून तीन घरं विहिरीवर जायची आणि त्यावरून वीस वर्षं बोलणं बंद होतं. ते कलम पुन्हा कधी विसरले नाही. दुसऱ्या वेळी पास झाले.

गणितं मात्र सोपी वाटली. एक दाखवते, म्हणजे पांढरीची_माती, तुला अंदाज येईल. समजा १५० चौ.मी. प्लॉट, बाजारभाव चौ.मी.ला २०,००० रुपये. जमिनीचे झाले ३० लाख. त्यावर १२० चौ.मी. आरसीसी बांधकाम, आज नव्यानं बांधायचं तर चौ.मी.ला १८,०००, म्हणजे २१ लाख ६० हजार. घर २० वर्षांचं, आयुष्य ६० वर्षांचं धरलं, शेवटी १० टक्के भंगारमूल्य. मग घसारा ९० गुणिले २० भागिले ६०, म्हणजे ३० टक्के, ६ लाख ४८ हजार. बांधकामाचे उरले १५ लाख १२ हजार. एकूण ४५ लाख १२ हजार. कागदावर एवढंच. २०,००० हा भाव कुठून आणला, हे सांगता येणं म्हणजे खरं काम.

पांढरीची_माती

ताई, खूप खूप आभार. वहीची कल्पना आजच सुरू करतो. तो भाव रेडी रेकनरमधून घ्यायचा ना?

तापीकाठ

नाही! इथे थांब, कारण हाच गैरसमज आयुष्यभर सोबत राहतो.

रेडी रेकनर, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, हा मुद्रांक शुल्क ठरवायला आहे. एका विभागातल्या सगळ्या प्लॉटना एकच दर. रस्त्यावरचा कोपरा आणि आतला नालाकाठचा त्याला सारखेच. अहवालात तो दर लिहायचा असतो, बँक तो तुलनेसाठी मागते, पण तो बाजारभाव नव्हे. कुठे बाजार त्याच्या दीडपट असतो, तर गावठाणात आणि जुन्या बाजारपेठेत कधी कधी त्याच्या खालीही असतो.

भाव काढायची माझी रीत सांगतो. दुय्यम निबंधकाच्या नोंदी, म्हणजे सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, त्यात त्या गटातले, त्या ले-आउटमधले गेल्या दोन-तीन वर्षांतले व्यवहार बघायचे. ऑनलाइन शोधता येतात. खरेदीखतातला आकडा नेहमी खरा असतोच असं नाही, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून तीन ठिकाणी विचारायचं : दलाल, शेजारी, आणि जमलं तर ज्यानं विकत घेतलंय तो स्वतः. मग प्रत्येक व्यवहार आपल्या मालमत्तेशी ताडायचा. रस्ता किती रुंद, तोंड कुठे, आकार चौकोनी की निमुळता, पाणी भरतं का, व्यवहार कधीचा. प्रत्येक फरकाला वजा-अधिक टक्के आणि ते टक्के का घेतले ते अहवालात एका ओळीत. पुढे कोर्टात उभं राहायची वेळ आली तर ती एक ओळच कामाला येते.

आणि नदीकाठ असेल तर निळी आणि लाल पूररेषा आधी बघ. निळी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. गिरणा, पांझरा, तापी, तिन्हींच्या काठावर सुंदर प्लॉट आहेत आणि त्यातल्या काहींवर बांधकाम परवानगी मिळतच नाही.

दोंडाईचा_स्टेशन

धागा चांगला चाललाय, पण माझा अनुभव लिहितो. रागानं नाही लिहीत, पण दुखलं होतं.

आमचं गावठाणातलं घर. वडिलांनी बहिणीच्या लग्नासाठी त्यावर कर्ज मागितलं. बँकेनं पाठवलेला माणूस मोटारसायकलवरून उतरला, दारातून फोटो काढले, दहा मिनिटांत गेला. आत आलाच नाही. अहवालात लिहिलं "कच्चे बांधकाम, मूल्य नगण्य", आणि फक्त जागेचे पैसे धरले. आमचं घर धाब्याचं आहे, मातीचं माळवद, पण खाली सागाचे खांब आणि तुळया. आजोबांनी नवापूरकडून आणलेलं लाकूड. वडील तो कागद हातात धरून म्हणाले, "हाई घर मना बापनी बांधेल शे. याना भाव काहीच नही का?" मला उत्तर देता आलं नाही. कर्ज निम्मंच झालं, बाकी सोनं मोडलं.

असं करणारे व्हॅल्युअर होऊ नका एवढंच सांगायचं होतं.

तापीकाठ

दादा, वाचून वाईट वाटलं. तुमच्या वडिलांचा प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तर आहे.

आत न जाता दिलेला अहवाल हा अहवालच नाही. धाब्याच्या घराला आरसीसीचा तक्ता लावून चालत नाही हे खरं, त्याचं उरलेलं आयुष्य कमी धरावं लागतं, आणि बँक अशा घरावर हात आखडता घेते हेही खरं. पण साग मोजता येतो. मी चोपडा तालुक्यात असं एक घर केलं होतं. १४ खांब, प्रत्येकाचा घेर दोरीनं घेतला, उंची घेतली, तुळया आणि कड्या वेगळ्या मोजल्या, घनफूट काढले. वाळवी लागलेले तीन खांब वजा केले. त्यासाठी बुडाशी चाकूचं टोक रोवून बघावं लागतं, वरून लाकूड धडधाकट दिसतं आणि आत पीठ झालेलं असतं. मग जुन्या सागाचा बाजारात काय भाव मिळतो ते धुळ्याच्या दोन जुन्या लाकूडवाल्यांकडून लेखी घेतलं, उतरवायची मजुरी वजा केली. घर म्हणून नाही, तरी लाकूड म्हणून ते मूल्य अहवालात वेगळ्या रकान्यात आलं, आणि बँकेनं ते किती धरायचं हे बँकेनं ठरवलं. निदान घराला शून्य लिहिलं गेलं नाही.

दुसऱ्या व्हॅल्युअरकडून फेरमूल्यांकन मागता आलं असतं. लोकांना ते सांगितलंच जात नाही. पुन्हा कधी वेळ आली तर शाखेला लेखी अर्ज द्या आणि आत कोणी आलं नव्हतं हे त्यात लिहा.

निवृत्त_बँकर_धुळे

३३ वर्षं बँकेत काढली, त्यातली १२ कर्ज विभागात. दुसऱ्या बाजूनं थोडं.

पॅनलवर घेताना आम्ही पदवी-नोंदणी बघायचो, त्यानंतर जुने दोन-तीन अहवाल मागायचो. नकाशा, अक्षांश-रेखांश, चतुःसीमा म्हणजे चारही बाजूंना काय आहे ते, मंजूर बांधकाम आणि प्रत्यक्ष बांधकाम यातला फरक, हे नीट आहे का तेवढं पाहिलं की माणूस कळतो. ओळखीचा प्रश्न विचारलायस म्हणून सांगतो : ओळखीनं दार लवकर उघडतं हे मी नाकारत नाही. पण ओळखीनं आलेल्याचा अहवाल थकीत कर्जात उघडा पडला की ती ओळख कुठेच उपयोगी पडत नाही. फसवणुकीत सापडलेल्या व्हॅल्युअर-वकिलांची सावधगिरीची यादी इंडियन बँक्स असोसिएशन सगळ्या बँकांना पाठवते. त्या यादीत नाव गेलं की धंदा संपतो.

५० कोटी आणि त्यावरच्या मालमत्तेला रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे किमान दोन स्वतंत्र अहवाल लागतात. आपल्या भागात अशी प्रकरणं थोडी, पण डाळ मिल, पाईपचे कारखाने, शीतगृहं यात येतात. तिथे जमीन-इमारतवाला आणि यंत्रवाला असे वेगळे व्हॅल्युअर लागतात. जमीन-इमारतीच्या सहीवर यंत्रांचं मूल्य देऊ नको, कितीही आग्रह झाला तरी.

आणखी एक. शाखेतून फोन येतो, "साहेब, ६० लाख मूल्य पाहिजे, ५२ वर कर्ज बसत नाही." मी स्वतः हे फोन होताना ऐकलेत. ज्यांनी "५२ च आहेत" म्हटलं त्यांना त्या महिन्यात कामं कमी मिळाली. दोन वर्षांनी तेच पॅनलवर टिकले होते.

तापीकाठ

बँकर साहेबांनी विषय काढलाच, तर मी माझी चूक सांगतो. आजही झोपेत आठवते.

तिसरं वर्ष होतं. शहराबाहेरचं नवीन ले-आउट, सगळे बखळ प्लॉट, हद्दीचा एकही दगड जागेवर नाही. मालकानं कोपऱ्याचा प्लॉट दाखवला, दोन बाजूंना रस्ता. मी तो मोजला, फोटो काढले, चांगला भाव दिला. मंजूर ले-आउटचा नकाशा माझ्या पिशवीत होता. मी तो उघडून पश्चिमेच्या ओपन स्पेसपासून प्लॉट मोजत आलो नाही. कर्ज मंजूर झालं. चार महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्याच ले-आउटमध्ये गेलो, यावेळी नकाशा काढून चाललो, आणि पायाखालची जमीन सरकली. कागदावरचा प्लॉट आतला होता, तिसरा, एकाच रस्त्याचा. मी ज्याचं मूल्य दिलं होतं तो दुसऱ्याचा होता.

रात्रभर बसून राहिलो. सकाळी बँकेत जाऊन स्वतःच लेखी दिलं आणि दुरुस्त अहवाल दिला. त्यांनी मला वर्षभर पॅनलवरून काढलं आणि ते योग्यच होतं. मालकानं मुद्दाम दाखवला की त्यालाही माहीत नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून मालक दाखवेल ती जागा मी मोजत नाही. नकाशावरून माझी मी शोधतो, मग त्याला विचारतो, हीच का? चतुःसीमा खरेदीखतातली आणि जागेवरची, दोन्ही अहवालात शेजारी शेजारी लिहितो.

सातपुड्याच्या_पायथ्याशी

नंदुरबारकडून एक भर. आमच्याकडे काम करणाऱ्यानं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६ अ पाठ करावं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय जात नाही. शेजारच्या, असं बंधन नसलेल्या जमिनीचा भाव तिला लावला तर अहवाल चूक, कारण खरेदीदारच मोजके असतात. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीची, तीच गोष्ट, सरकारी परवानगी आणि सरकारला भरायच्या नजराण्याचा बोजा धरूनच आकडा काढावा लागतो. हा फरक बाहेरून आलेल्या कितीतरी व्हॅल्युअरना कळत नाही. आपल्या माणसानं हे काम शिकावं असं मला वाटतं ते एवढ्याचसाठी.

केळीवाला_रावेर

मी बीएस्सी अॅग्री. शेतजमिनीच्या मूल्यांकनात आम्हाला काही जागा आहे का?

तापीकाठ

आहे. आयकराच्या नोंदणीत शेतजमिनीचा वर्ग वेगळा आहे, कृषी पदवीधरानं शेतजमिनीच्या मूल्यांकनाचं ५ वर्षं काम केलेलं असेल तर अर्ज करता येतो. आयबीबीआयच्या जमीन-इमारत वर्गात मात्र पुन्हा सिव्हिल-आर्किटेक्टच. रावेर-यावलकडे तुमच्यासारख्याची गरज आहे, खरंच. मी केळीच्या बागेत उभा राहिलो तर जमिनीचा, विहिरीचा, पाइपलाइनचा, ठिबकचा हिशेब करीन, पण ही बाग कुठल्या टप्प्यात आहे आणि घड किती दिवसांत निघेल हे तुम्हीच सांगाल. भूसंपादनातही बांधकामाचं मूल्य सार्वजनिक बांधकाम विभाग काढतो आणि झाडांचं कृषी किंवा वन खात्याकडून येतं.

भूसंपादन निघालंच आहे तर पांढरीची_माती, २०१३ चा कायदा नीट वाच. हायवेच्या रुंदीकरणात आपल्या किती लोकांच्या जमिनी गेल्या. मागच्या तीन वर्षांतली खरेदीखतं काढायची, त्यातल्या वरच्या निम्म्यांची सरासरी, ग्रामीण भागाला गुणक, त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. शेतकऱ्याला हे समजावून सांगणारा माणूस गावात लागतो. फी कमी मिळेल, पण मोजणी कशी करतात हे तुला त्यातून जेवढं कळेल तेवढं बँकेच्या शंभर फ्लॅटमधून कळणार नाही.

पांढरीची_माती

सगळ्यांचे किती आभार मानू. पैशाचं विचारायला संकोच वाटतो, पण घर चालेल का एवढं सांगा.

भुसावळची_आर्किटेक्ट

संकोच कसला. माझ्या अनुभवात साध्या गृहकर्जाच्या अहवालाला बँक दीड ते तीन हजार देते. त्यात गाडीचं पेट्रोल आणि टायपिंग आलं. टीडीएस कापून येतात, आणि दोन-तीन महिने उशिरा. फक्त त्यावर पहिली दोन वर्षं अवघड. मी नकाशांचं काम सोबत ठेवलं. हळूहळू भांडवली नफ्याचे, वाटणीचे, व्हिसासाठीचे अहवाल येऊ लागतात, त्यात बरे मिळतात. अहवालाच्या आकड्यावर किंवा काम "झालं तर" या बोलीवर फी ठरवायची नाही, ते आचारसंहितेत बसत नाही.

निवृत्त_बँकर_धुळे

भांडवली नफ्याचं काम इथे पुष्कळ आहे. १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेली किंवा वारशानं आलेली मालमत्ता विकली, तर त्या तारखेचं मूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येतं. जमीन-इमारतीला ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या वर जात नाही. म्हणून २००१ चे दरतक्ते ज्याच्या कपाटात आहेत त्या व्हॅल्युअरकडे लोक येतात. जुळवायला आत्तापासून सुरुवात कर. आणि २३ जुलै २०२४ पासून कराच्या दराचा आणि इंडेक्सेशनचा, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरण्याचा, हिशेब बदललाय, तो सीएवर सोड, तू मूल्यावर थांब.

शहादेकर_२१

मी पदवीला प्रवेश घ्यायचं ठरवतोय. घरी बोललो. बायको म्हणाली, करा. एवढंच सांगायला आलो.

तापीकाठ

शहादेकर, मनापासून शुभेच्छा. तिकडे कोणत्या व्हॅल्युअरकडे साइटचं काम मिळेल ते व्यक्तिगत निरोपात कळवतो. आणि पुढे मास्टर्स करायचं झालं तर मूल्यांकनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम वल्लभ विद्यानगरला सरदार पटेल विद्यापीठात आहे. तुला सुरतमार्गे ते पुण्यापेक्षा जवळ पडेल.

पांढरीची_माती, रविवारी साइटला सुट्टी असेल तर पाळधीला मला एक शेतघर मोजायचं आहे. सकाळी साडेसातला ये, उन्हाच्या आत आटपू. ३० मीटरचा टेप माझ्याकडे आहे. तू गट क्रमांकाचा सातबारा आणि गावनकाशा ऑनलाइन काढून प्रिंट घेऊन ये, मी गट क्रमांक निरोपात पाठवतो. जागा कोणती ते मी तुला सांगणार नाही. मालकही सांगणार नाही. नकाशावरून तू शोधायचीस.

पांढरीची_माती

येतो दादा. सातबारा काढला. इतर हक्कात एका विकास सोसायटीचा बोजा आहे आणि विहिरीत सामाईक हिस्सा दिसतोय, एक तृतीयांश. मोजताना विहीर कशी धरायची ते रविवारी विचारतो.